हुरड्याचा हिशेब

ज्या यंत्रानं शैलजा बिराजदारचं नाव दिल्लीपर्यंत नेलं, तेच यंत्र आता तिच्या चांदणीच्या मुळावर उठलं होतं.

चांदणी ही काही तिची लेक नव्हे, ज्वारीचा वाण. पण सोलापूरच्या संशोधन केंद्रात कुणी चांदणीला नावं ठेवली की शैलजाचा आवाज असा काही चढायचा, की नव्या माणसाला लेकीबद्दलच बोलणं चाललंय असं वाटावं. उमेदीची सगळी वर्षं तिनं या वाणात घातली होती.

आणि ज्वारीलाही आता असे दिवस आले होते की तिच्यावरून माणसांनी भांडावं. फेब्रुवारीत थंडी असते हे फक्त शाळेच्या पुस्तकात उरलं होतं. उत्तरेतला गहू ऐन दाणा भरायच्या वेळी उन्हात सापडायचा आणि शेतकऱ्याच्या हाती नुसती टरफलं यायची. लागोपाठ तीन वर्षं हे झालं, बाहेरच्या देशांनी आपापल्या गोदामांना कुलपं लावली, तेव्हा कुठं सरकारनं कंबर कसली. रेशनच्या दुकानात निम्मं धान्य ज्वारीचं द्यायचं ठरलं. एवढी ज्वारी पिकवायची तर बियाणं एका दमात तयार व्हायला हवं. म्हणून सगळ्या देशासाठी एकच वाण निवडायचा, असं राष्ट्रीय बीजनिवड मंडळानं जाहीर केलं. शेवटच्या फेरीत दोनच वाण उरले, वज्रा आणि चांदणी.

दोघींनी उन्हाला उत्तर शोधलं होतं, पण प्रत्येकीची रीत वेगळी. ज्वारी फुलते ती रात्री उशिरा आणि पहाटे. तिचे परागकण जेमतेम काही तास जगतात, आणि आता पहाटही तापलेली असल्यामुळे ते कामाला लागायच्या आतच मरतात. पराग मेला की दाणा धरत नाही, कणीस पोचट राहतं. वज्राचे परागकण जाड कातडीचे, ते उकाडा सोसतात. चांदणी मात्र सोसण्याच्या भानगडीतच पडत नाही. हवा थोडी निवली की ती फुलायला लागते आणि आकाशात चांदण्या आहेत तोवर आपलं काम उरकून मोकळी होते. तिचं नाव पडलं ते त्यावरून. वज्रात एक खोट होती. खडखड्या नावाचा बुरशीचा रोग ज्वारीच्या धाटाचा गाभा पोखरतो, आणि वज्रा त्याला चटकन बळी पडते. सगळ्या देशात एकटी वज्रा उभी असताना एखाद्या साली खडखड्याची साथ आली, तर सगळ्या देशाचं पीक एकदमच आडवं होणार. शैलजाला धास्ती होती ती याची.

या दोघींची परीक्षा घेणारं यंत्र शैलजाचंच. तिनं त्याला चाहूल असं नाव दिलं होतं. शेतात कमरेएवढा खांब आणि त्यावर पिकाकडे रोखलेला एक डोळा, एवढंच ते दिसायचं. पान दिवसभर साखर बनवतं आणि कणसाकडे पाठवतं. कणसात दाणे भरत असले की साखर खपते आणि पान जोमानं काम करतं. कणीस पोचट असलं तर त्या साखरेला गिऱ्हाईकच उरत नाही. ती धाटात तुंबते, पानाचं काम मंदावतं आणि ते उगीचच हिरवंगार राहतं. पानावरून उलटणाऱ्या प्रकाशातून खांबाचा डोळा हे ओळखतो. कुठल्या तालुक्यात किती दाणा भरणार हे काढणीच्या आधीच दिल्लीला कळायचं, आणि धान्य कुठून उचलायचं, कुठं पाठवायचं ते ठरवता यायचं. मंडळाला हे यंत्र इतकं पसंत पडलं होतं, की वाणाच्या निवडीबरोबरच ते देशभर बसवायचं घाटत होतं.

आणि या चाहुलीनं चांदणीला नापास केलं. तेलंगणात आणि माळव्यात चांदणी वज्राच्या तोडीस तोड आली. पण जे ज्वारीचं माहेर, त्या सोलापूर, बीड, अहिल्यानगर, विजापूरच्या पट्ट्यात तिची तिसरा हिस्सा धाटं पोचट निघाली. सुरतेकडेही तेच. काढणीनंतर मळणीयंत्रातून दाणाही तेवढाच कमी पडला, त्यामुळे चाहुलीचं म्हणणं खरं ठरलं. अहवालात एकच ओळ आली, ‘उष्णतेमुळे दाणा धरला नाही.’

शैलजा कच्च्या गुरूची चेली नव्हती. चांदणी उन्हाला भीत नाही हे तिनं स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेलं, मग ते माहेरातच खोटं कसं ठरावं? तिनं इम्तियाज नदाफला बोलावलं. हा विजापूरचा, चाहुलीचा सगळा कारभार बघणारा आणि गरजेपुरतंच बोलणारा गडी. त्यानं एकेका गावच्या परीक्षणाच्या शेताचे नकाशे पडद्यावर लावून दिले. ही शेतं म्हणजे शेतकऱ्यांच्याच रानातले दोन-चार गुंठ्यांचे तुकडे, एकात वज्रा आणि शेजारी चांदणी.

शैलजानं आधी तापलेल्या रात्री काढल्या आणि पोचट धाटांशी जुळवून पाहिल्या. जुळेनात. चांगल्या गार रात्रींनंतरही धाटं पोचट होत होती. त्यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट. चाहुलीला नवी पोचट धाटं दिसायची ती बहुतेक सोमवारी नाहीतर मंगळवारी. संक्रांतीच्या मागेपुढे तर त्यांची एकदम भर पडली होती.

“ऊन काय रविवारची सुट्टी बघून पडतं का?” ती वैतागून इम्तियाजला म्हणाली.

यंत्रच बिघडलं असतं तर वज्राच्या तुकड्यातही ते दिसलं असतं, असं इम्तियाजचं म्हणणं. तिथं सगळं सुरळीत होतं. दोघं बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. पोचट धाटं नेहमी बांधाच्या कडेनं, एखाद्या झाडाच्या बाजूनं सुरू होत होती आणि हळूहळू आत सरकत होती. बांध, झाडाची सावली, रविवार, संक्रांत. शैलजानं कपाळावर हात मारला. तिनं विचारलं, विजापूरकडे हुरडा खातात ना. इम्तियाज म्हणाला, खातात, आमच्याकडे सीतनी म्हणतात. आणि सुरतेकडे पोंक. तेलंगणातल्या आणि माळव्यातल्या त्या गावांत मात्र कोवळी ज्वारी भाजून खायची चाल नव्हती.

आणि जानेवारीत भावाच्या रानातल्या परीक्षणाच्या शेतात तर ती स्वतःच आगटीपाशी बसली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली, हातावर चोळलेली कोवळी ज्वारी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिनं पोटभर खाल्ली होती, असा गोड हुरडा जन्मात खाल्ला नाही असं म्हणाली होती आणि घरच्यांसाठी बांधूनही आणला होता. मापं पूर्ण होण्याआधी पिकाची काढणी करू नये, हा नियम परीक्षणाची प्रमुख म्हणून तिनंच लिहिलेला. तो लिहिताना हुरड्याचं तिच्या मनात आलं नाही आणि हुरडा खाताना नियमाचं. या पट्ट्यात जन्मलेल्या कुणाच्याच आलं नसतं.

झाडाच्या दृष्टीनं कणीस पोचट राहिलं काय किंवा कुणी मोडून नेलं काय, साखरेचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. या दोहोंतला फरक चाहुलीला कळत नव्हता, आणि मळणीच्या वेळी कणसं कुणी मोजली नव्हती, नुसता दाणा तोलला होता. म्हणजे जो दाणा माणसांनी आवडीनं खाल्ला, तो देशाच्या लेखी पिकलाच नव्हता. आणि जी ज्वारी सगळ्यांत गोड, तीच सगळ्यांत नालायक ठरत होती. शैलजाला स्वतःच्याच हुशारीचा भयंकर राग आला.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. विश्राम केळुसकर हे मालवणकडचे, बोलायला गोड आणि आतून पक्के. शैलजानं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, रविवारी दाणे कमी होतात एवढ्यावर मी देशाचा निर्णय थांबवू शकत नाही, पुरावा हवा. आणि पुरावा मिळाला तरी त्यानं काय होईल याचाही विचार करा.

“चांदणी गेली तर एक वाण जाईल, डॉक्टर,” केळुसकर म्हणाले. “चाहूल गेली तर तुमची आयुष्यभराची कमाई जाईल. तुम्ही गप्प राहिलात तर चाहूल तरी राहील.”

ते खरंच तिच्या भल्याचं बोलत होते, आणि म्हणूनच ते बोलणं तिला जास्त टोचलं. गप्प राहायचं नाही एवढं तिनं फोन ठेवता ठेवता ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती मंगळवेढ्याजवळ हिरेवाडीला गेली. तिचा धाकटा भाऊ सिद्राम तिथं घरची शेती बघायचा. परीक्षणाचं शेत म्हणून त्याच्या बांधावर पाटी लागली होती आणि त्या पाटीचा त्याला भारी अभिमान. त्याच्या शब्दावर तालुक्यातल्या आणखी शेतकऱ्यांनी आपले तुकडे दिले होते. नियम मोडणारा शेतकरी तीन वर्षं सरकारच्या सगळ्या बियाणे योजनांतून बाद, अशी अट होती.

सिद्रामनं आधी छाती ठोकून सांगितलं, की काढणीआधी एक कणीस कापलेलं नाही. शैलजानं हुरड्याचं विचारलं.

“हुरडा म्हंजे काढणी व्हय, अक्का?” तो म्हणाला. “पाव्हणं आलं, पोरं आली, आगटी पेटवली. तू बी बसली हुतीस की.”

मग तिनं चाहुलीचं सगळं समजावून सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. तिनं मंडळासमोर हे सांगायचं म्हणजे त्याची पाटी जाणार, आणि त्याच्या शब्दावर आलेल्या सगळ्यांच्या पाट्या जाणार. ज्यांनी बहिणीच्या कामाला रान दिलं त्यांनीच नियम मोडले असं जगजाहीर होणार.

“तुझी ज्वारी ऱ्हावी म्हणून आमी चोर ठरायचं?” तो म्हणाला.

शैलजा म्हणाली, तुम्ही चोर नाही, माझा नियमच आंधळा होता. पण मंडळापुढं जायचं तर खरं सांगावंच लागेल, आणि मी ते सांगणार आहे. सिद्राम उठला आणि रानाकडे चालता झाला. तिला वेशीपर्यंत सोडायलाही आला नाही. त्याची बायको महादेवी दारात उभी राहून दोघांकडे बघत राहिली.

केंद्रात उशिरा पेरलेल्या वज्राचा एक तुकडा होता. ऐन मार्चच्या तोंडावर ती कशी दाणा भरते ते बघायला मंडळाचे सभासद सोलापूरला येणार होते. कणसं नेमकी हुरड्यात आली होती. शैलजानं मनाशी बेत केला आणि इम्तियाजखेरीज कुणाला कळू दिला नाही.

आगटी नीट लावणं हे कसबाचं काम. केंद्रातल्या कुणाला ते धड येत नव्हतं. सिद्राम फोन उचलत नव्हता म्हणून तिनं महादेवीला सांगितलं, की आमचे आम्हीच कसंतरी भाजू. सभासद यायच्या दिवशी सकाळी सिद्राम महादेवीसोबत गोवऱ्या घेऊन दारात हजर. बहिणीकडे त्यानं बघितलंही नाही. पाहुण्यांच्या पानात करपलेली कणसं पडणार हे त्याला सोसलं नव्हतं, एवढंच. वज्राचा हुरडा करायचा आहे हे कळल्यावर मात्र त्याला गप्प बसवेना. असला हुरडा घालून बिराजदारांचं नाव घालवणार का, असं त्यानं महादेवीला ऐकू जाईल इतपत विचारलं. तरी त्यानं आगटी अशी लावली, की साहेब मंडळी वासानंच ओढली गेली.

वज्राचे दाणे चिवट आणि बेचव. पण पाहुणा म्हणून आल्यावर नाही कसं म्हणायचं? सभासदांनी खाल्लं, त्यांच्या सचिवांनी खाल्लं, गाडीवाल्यांनी, पोलिसांनी खाल्लं. शैलजा आग्रह करकरून वाढत होती. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, दही आणि गूळ यांच्या आधारानं वज्रा कशीबशी घशाखाली उतरत होती. सगळ्यांनी चटणीची फार तारीफ केली. इम्तियाज बांधावर उभा राहून चाहुलीच्या खांबासमोरचीच कणसं मोडली जातील याकडे लक्ष ठेवून होता. आपण लबाडी करतोय हे शैलजाला कळत होतं, पण तिला त्याची लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात दिल्लीत मंडळाची बैठक भरली. परीक्षणाची शेतं देणारे शेतकरी आपापल्या गावातून पडद्यावर जोडले गेले होते, ते शैलजाच्या विनंतीवरून. कुणी काही बोलेल असं मात्र एकानंही कबूल केलं नव्हतं. हिरेवाडीच्या चौकटीत सिद्राम हाताची घडी घालून बसलेला दिसत होता.

शैलजानं सोलापूरच्या वज्राच्या तुकड्याचा ताजा अहवाल समोर ठेवला. नकाशात खांबासमोरचा सगळा भाग लाल, म्हणजे पोचट. खाली चाहुलीचा निर्वाळा, ‘उष्णतेमुळे दाणा धरला नाही.’ सभागृहात एकच गलबला झाला. वज्रा उन्हाला बळी पडली तर मग देशाकडे उरलंच काय? केळुसकरांनी तिला विचारलं, की हे झालं कसं.

“ऊन लागलं नाही, साहेब,” शैलजा म्हणाली. “तुम्ही खाल्लीत.”

क्षणभर कुणाला उलगडा झाला नाही. मग दिल्लीच्या एक बाई, ज्यांनी पुन्हा पुन्हा गूळ मागून घेतला होता, त्या हसायला लागल्या आणि केळुसकरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. शैलजानं मग रविवार, संक्रांत, बांधाची कड हे सगळं एकेक करून दाखवलं.

मंडळाचे कायद्याचे सल्लागार हसणाऱ्यांपैकी नव्हते. ते म्हणाले, यंत्र फसतं हे सिद्ध झालं, पण त्या गावांत चांदणीचा हुरडा खाल्ला गेला हे कुठं सिद्ध झालं? तसं कुणी शेतकरी कबूल करणार असेल तर जरूर करावं. मात्र नियमभंगाची अट त्याला लागू होईल, हे त्यानं ध्यानात ठेवावं.

पडद्यावरच्या चौकटींत कुणी खाली बघत होतं, कुणी बाजूला. शैलजाला भावाकडे बघवेना. त्यानं बोलावं असं म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही हे तिला आतून कळलं होतं, आणि तो बोलला नाही तर चांदणी आजच संपणार हेही कळत होतं.

“मी सिद्राम बिराजदार, हिरेवाडी,” आवाज आला. “मी हुरडा खाल्ला. पाव्हण्यांना घातला, भनीला बी घातला. चांदणी उनानं गेली म्हणताय तुमी. ती आमच्या तोंडाला लागली म्हणून गेली. शेजारीच वज्रा हुबी हुती, तिला एका माणसानं हात लावला न्हाई. ते कशापायी, ते जरा यंत्राला इचारा.”

त्याच्यानंतर बीडचा एकजण बोलला. मग अहिल्यानगरच्या एक बाई. विजापूरच्या म्हाताऱ्यानं कानडीत सांगितलं आणि शैलजाबरोबर आलेल्या इम्तियाजनं त्याचा अर्थ सांगितला. सुरतेजवळच्या शेतकऱ्यानं हिंदीत कबूल केलं, की त्याच्या पाहुण्यांनी पोंक खाऊन अर्धा तुकडा रिकामा केला होता आणि तो सबंध हंगामभर यंत्राला दोष देत होता. शैलजाच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती पुसलीही नाही.

चर्चा बराच वेळ चालली. सल्लागारांनी सुचवलं, की पुढच्या हंगामात परीक्षणाच्या शेतांवर पहारा बसवावा आणि हुरड्याला सक्त मनाई करावी, म्हणजे चाहूलही राहील. केळुसकरांनी शैलजाकडे आशेनं पाहिलं. चाहूल वाचवायची ही शेवटची वाट होती, आणि ती त्यांनी तिच्यासाठी उघडी ठेवली होती.

“पहारा बसवलात तर मी या कामात नाही,” ती म्हणाली. “ज्या दाण्यानं माणसाचं पोट भरलं तो पिकलाच नाही, असं मी यापुढं कुठंही लिहून देणार नाही. देशाचं धान्य मोजायचंय ना, मग शेतात बसून खाल्लेलंही त्यात धरा. ते धरता येईपर्यंत माझं यंत्र बंद ठेवा.”

निर्णय संध्याकाळी झाला. एकच वाण हा हट्ट मंडळानं सोडला. वज्रा गेली म्हणताच देशाकडे काही उरत नाही हे त्या दिवशी सगळ्यांनी अनुभवलं होतं, त्यामुळे खडखड्याचा धोकाही आता नीट दिसला होता, म्हणून वज्रा आणि चांदणी दोन्ही राहिल्या. चाहुलीची देशव्यापी योजना गुंडाळली गेली आणि तिच्या कामासाठी मिळायचा पैसा थांबला. नियम मोडणाऱ्या शेतकऱ्यांची नावं योजनांतून काढताना केळुसकरांचा आवाज पडला होता, पण अट ती अट. शैलजानं त्यांना सांगितलं, की त्या नावांत पहिलं नाव माझं घाला, हुरडा मीही खाल्ला आहे. त्यांनी तिला पुन्हा विचारलं. ती मागं हटली नाही. तेव्हा परीक्षणाच्या प्रमुखपदावरून तिला बाजूला केलं गेलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन तिनं सिद्रामला फोन लावला. या वेळी त्यानं लगेच उचलला. तिनं सांगितलं, तुम्ही सगळे तीन वर्षं बाद झालात. मीही बाद झाले.

“म्हंजे रान आता आमचंच की,” तो म्हणाला.

“तुमचंच.”

“चांदणीचं बी मिळंल का?”

योजनेतून नाही, श्रावण संपला की दुकानात येईल, पदरच्या पैशांनी घ्यावं लागेल, असं ती म्हणाली. घेतो म्हणाला. दोन-चार गुंठे कशाला, चांगली चार एकर करतो. मग त्यानं विचारलं, की आता अक्का रिकामीच बसणार का. शैलजा म्हणाली, रिकामी कशी बसेन, यंत्र दुरुस्त करायचंय. पण त्याच्या आधी माणूस खरोखर किती खातो हे तर कळायला हवं. म्हणून येत्या जानेवारीत येऊन आगटीपाशी बसणार आहे आणि एकेकाच्या हातातलं कणीस न् कणीस मोजणार आहे.

“मोज की,” सिद्राम म्हणाला. “पर पैलं कणीस तू खा, आन् मोजायला तुझ्यापासनंच सुरवात कर.”